एका समाजाचा इतिहास-सप्ताह

फेब्रुवारी महिन्याची १४ वी तारीख अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाज गेलीं शंभराहून अधिक वर्षें एका थोर पुरुषाची जयंती म्हणून पाळीत आला आहे. नवलाची गोष्ट ही कीं, ज्यांची ही जयंती, त्या फ्रेडरिक डग्लस यांना स्वतःचा जन्मदिवस कधींच कळला नाहीं. मेरीलंड राज्यांतील एका शेतावर ते गुलाम म्हणून जन्मास आले. गुलामाच्या जन्माची नोंद त्याच्या आईबापांपाशीं नसे. ती असलीच तर धन्याच्या मालमत्तेच्या वहींत असे. आई लहानपणींच अंतरली. तिनें आपल्याला लाडानें व्हॅलेंटाइन म्हटलें होतें, एवढ्या अंधुक आठवणीवरून पुढें डग्लस यांनीं १४ फेब्रुवारी, म्हणजे सेंट व्हॅलेंटाइनचा दिवस, हा आपला वाढदिवस मानला. १८९५ सालीं ते वारले. त्यानंतर किती तरी वर्षांनीं जुन्या धन्याची वही संशोधकांच्या हातीं आली. तींत १८१८ सालचा फेब्रुवारी एवढीच नोंद निघाली. महिना मिळाला, दिवस मिळाला नाहीं तो नाहींच.

एका माणसाच्या जन्मतिथीची ही कथा वस्तुतः एका सबंध समाजाच्या इतिहासाची कथा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर दहा वर्षांनीं खानेसुमारी होते. १८५० व १८६० या दोन्ही वेळीं गुलामांसाठीं निराळीं पत्रकें होतीं. त्यांत धन्याचें नांव लिहिलेलें असे आणि त्याखालीं त्याच्या गुलामांचें वय, लिंग व वर्ण यांची नोंद असे. गुलामाचें नांव लिहिण्याची मात्र रीत नव्हती. १८६० सालीं अशीं सुमारें ३९ लाख ५० हजार माणसें त्या देशांत होतीं. म्हणजे सरकारच्या दप्तरीं तितके आंकडे होते, माणसें नव्हतीं. १८७० च्या खानेसुमारींत यांपैकीं बहुतेकजण प्रथमच नांवानिशीं नोंदले गेले. आपल्या पणज्या-खापरपणज्यांचा शोध घेणारा कृष्णवर्णीय मनुष्य आजहि बहुधा १८७० पाशीं येऊन अडतो. त्याच्यापलीकडे जणूं भिंत उभी असते.

सामाजिक न्याय म्हटला कीं जमीन, मजुरी, मतदान व न्यायालय हीं सामान्यतः मनांत येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्यांच्यापासून नांव आणि भूतकाळ हींहि हिरावून घेतलीं गेलीं, त्यांना न्याय मिळाला असें केव्हां म्हणावें? हिरावलेलें परत मिळेल तेव्हां. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं तें परत मिळविण्याचें काम सरकारची वाट न पाहतां स्वतःच हातीं घेतलें. त्यासाठीं त्यांनीं जें साधन वापरलें, तें अगदीं साधें होतें. एकत्र जमावयाचें, वाचावयाचें, सांगावयाचें आणि ऐकावयाचें.

या जमण्याची परंपरा मुक्ततेच्या दिवसापासूनच सुरू झाली. अध्यक्ष लिंकन यांचा मुक्ततेचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजीं निघाला. पण दूरच्या टेक्सास राज्यांत त्याचा अंमल होण्यास यादवी युद्ध संपावें लागलें. १९ जून १८६५ रोजीं गॅल्व्हस्टन बंदरांत जनरल ग्रेंजर यांनीं हुकूम काढला, आणि तेथील गुलामांना आपण स्वतंत्र आहों हें अधिकृतपणें कळलें. दुसऱ्या वर्षापासून त्या तिथीला लोक जमूं लागले. प्रार्थना होई, जाहीरनाम्याचें वाचन होई, वृद्ध माणसें गुलामगिरीच्या आठवणी सांगत, आणि मग सर्वांचें जेवण होई. जमावयाला जागा मिळणें हेंहि सोपें नव्हतें. म्हणून ह्यूस्टन शहरांतील कृष्णवर्णीयांनीं आपल्या धर्मोपदेशकांच्या पुढाकारानें पैसा उभा केला, आणि १८७२ सालीं दहा एकर जमीन खास या उत्सवासाठीं विकत घेतली. गुलामगिरींतून सुटून पुरतीं सात वर्षें झालीं होतीं. अंगावर धड कपडा नसलेल्या माणसांनीं प्रथम जी सामाईक मालमत्ता केली, तींत आठवणीसाठीं घेतलेलें हें मैदान होतें. तें ‘इमॅन्सिपेशन पार्क’ आजहि त्या शहरांत आहे. आणि त्या १९ जूनला सबंध राष्ट्राच्या सुटीचा मान २०२१ सालीं मिळाला.

परंतु मैदानावर जें सांगितलें जाई, तें शाळेंत शिकविलें जात नसे. १८७७ नंतर दक्षिणेंतील राज्यकारभार पुन्हां गोऱ्या पुढाऱ्यांच्या हातीं गेला. १८९६ सालीं वरिष्ठ न्यायालयानें आगगाडींतील वर्णभेदास मान्यता दिली, आणि त्या निकालाच्या आधारानें शाळा, दवाखाने, उपाहारगृहें सारींच विभागलीं गेलीं. याच काळांत शाळांच्या क्रमिक पुस्तकांतून एक निराळाच इतिहास रूढ झाला. गुलाम आपल्या स्थितींत सुखी होते. धनी त्यांचा पालक होता. स्वातंत्र्य मिळाल्यावर ते राज्य चालविण्यास नालायक ठरले. आफ्रिकेला तर इतिहासच नव्हता. १९१५ सालीं ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ हा मूकपट निघाला. त्यांत काळ्या माणसाला हिंस्र पशूसारखें रंगविलें होतें व त्याला ठार करणाऱ्या टोळ्यांना वीर ठरविलें होतें. तो अध्यक्षांच्या निवासस्थानींहि दाखविला गेला. ज्याला इतिहास नाहीं त्याला हक्क तरी कशाचे, असा हा सरळ हिशेब होता. अन्यायाला समर्थन लागतें, आणि तें पुरविण्याचें काम त्या काळच्या इतिहासाच्या पुस्तकांकडे आलें होतें.

त्याच १९१५ सालीं या हिशेबास उत्तर देणारी एक लहानशी संस्था जन्मास आली. तिचे संस्थापक कार्टर गॉडविन वुडसन यांचें नांव महाराष्ट्रांत फारसें परिचित नाहीं. १८७५ सालीं व्हर्जिनिया राज्यांत त्यांचा जन्म झाला. आईबाप दोघेहि पूर्वींचे गुलाम. बालपण शेतांत राबण्यांत गेलें. शाळा मिळाली ती कामांतून सवड सांपडेल तेवढीच. तरुणपणीं ते वेस्ट व्हर्जिनियांतील कोळशाच्या खाणींत कामास लागले. तेथें ऑलिव्हर जोन्स नांवाचा एक कृष्णवर्णीय खाणकामगार होता. तो यादवी युद्धांत लढलेला होता, पण त्याला वाचतां येत नसे. दिवसभराचें काम संपल्यावर त्याच्या घरीं कामगार जमत आणि तेथें तो त्यांना फळें व आइस्क्रीम विकी. वुडसन यांना वाचतां येतें हें कळतांच त्यानें त्यांच्याशीं एक करार केला. त्यांनीं संध्याकाळीं सर्वांना वर्तमानपत्र वाचून दाखवावें, आणि त्याच्या मोबदल्यांत मनास येईल तें फुकट खावें. जोन्स यानें कृष्णवर्णीयांच्या पराक्रमावर लिहिलेलीं पुस्तकेंहि जमविलीं होतीं. वाचन संपलें कीं जुने शिपाई आपापल्या आठवणी सांगत. वुडसन यांचें इतिहासाचें पहिलें विद्यापीठ तें हेंच. तेथील बहुतेक आचार्य निरक्षर होते.

विसाव्या वर्षीं वुडसन माध्यमिक शाळेंत दाखल झाले आणि दोन वर्षांच्या आंत त्यांनीं तो अभ्यासक्रम पुरा केला. पुढें त्यांनीं केंटकींतील बेरिया येथें शिक्षण घेतलें, फिलिपाइन्स बेटांत शाळाखात्यांत नोकरी केली, शिकागो विद्यापीठाची पदवी मिळविली, आणि १९१२ सालीं हार्वर्ड विद्यापीठानें त्यांना इतिहासांतील डॉक्टरेट दिली. त्या विद्यापीठांतून डॉक्टरेट मिळविणारे ते दुसरे कृष्णवर्णीय. पहिले डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, १८९५ सालचे. एवढी पदवी मिळवून वुडसन वॉशिंग्टनमधील शाळेंत शिक्षकाचें काम करीत राहिले.

१९१५ च्या उन्हाळ्यांत शिकागो येथें मुक्ततेच्या पन्नासाव्या वर्षाचें प्रदर्शन भरलें. तें पाहण्यास दूरदूरच्या राज्यांतून हजारों कृष्णवर्णीय आले. आपल्या समाजानें काय निर्माण केलें हें पाहण्यासाठीं ते दारांत रांगा लावून उभे राहत. वुडसनहि तेथें होते. लोकांना भूक आहे, पण वाढणारा कोणी नाहीं, हें त्यांच्या ध्यानीं आलें. ९ सप्टेंबर १९१५ रोजीं शिकागोंतील एका वाय. एम. सी. ए. च्या इमारतींत चारदोन स्नेह्यांसह बसून त्यांनीं नीग्रो जीवन व इतिहास यांच्या अभ्यासाची संस्था स्थापन केली. ‘नीग्रो’ हा त्या काळीं सन्मानाचा शब्द समजला जाई. आज तो मागें पडला आहे. १९१६ च्या जानेवारींत संस्थेच्या त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला. पुढें संस्थेचें स्वतःचें प्रकाशनगृहहि झालें, कारण असलीं पुस्तकें छापण्यास इतर प्रकाशक सहसा तयार नसत. १९२२ पासून वॉशिंग्टनच्या नाइन्थ स्ट्रीटवरील एक तीन मजली घर हेंच वुडसन यांचें कार्यालय, कोठार आणि बिऱ्हाड होतें. ते अविवाहित राहिले. खालीं पुस्तकांचे गठ्ठे बांधले जात आणि वरच्या मजल्यावर ते राहत.

तथापि त्रैमासिक विद्वानांच्या हातीं जातें, खाणींतल्या माणसाच्या हातीं जात नाहीं, हें वुडसन यांना पुरतें ठाऊक होतें. ऑलिव्हर जोन्स याच्या घरची संध्याकाळ सबंध देशांत कशी भरवावी, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. १९२६ सालच्या फेब्रुवारींत त्यांनीं त्याचें उत्तर दिलें. त्या महिन्याचा दुसरा आठवडा हा नीग्रो इतिहास-सप्ताह म्हणून पाळावा, असें त्यांनीं आवाहन केलें. लिंकन यांची जयंती १२ तारखेस आणि डग्लस यांची १४ तारखेस, म्हणून हा काळ निवडला. या दोन जयंत्या समाजांत पूर्वींपासूनच साजऱ्या होत असत. नवा उत्सव लोकांवर लादण्याऐवजीं चालत आलेल्या उत्सवाला त्यांनीं अभ्यासाची जोड दिली, आणि एकदोन थोर पुरुषांच्या गौरवावरून लोकांचें लक्ष सबंध समाजाच्या इतिहासाकडे वळविलें.

पहिल्याच वर्षीं नॉर्थ कॅरोलिना, डेलावेअर व वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांच्या शिक्षणखात्यांनीं आणि बाल्टिमोर व वॉशिंग्टन शहरांच्या शाळाखात्यांनीं सहकार्य दिलें. परंतु सप्ताहाचा खरा भार पेलला तो शाळामास्तरांनीं, शिक्षिकांनीं, चर्चांनीं आणि स्त्रियांच्या मंडळांनीं. वॉशिंग्टनच्या त्या घरांतून चित्रें, पाठ, भित्तिपत्रकें व कार्यक्रमांच्या सूचना टपालानें रवाना होत. खेड्यांतील एकशिक्षकी शाळेच्या भिंतीवर डग्लस यांचें चित्र प्रथमच लागे. मुलें सोजर्नर ट्रुथ आणि हॅरिएट टबमन या स्त्रियांच्या चरित्रांवर छोटीं नाटुकलीं करीत. १९३० सालीं संस्थेनें शाळांसाठीं अशा नाटकांचा एक संग्रहच प्रसिद्ध केला. चर्चमध्यें वृद्धांना बोलतें केलें जाई. वाचनालयांत पुस्तकें मांडलीं जात. १९३६ सालीं मेरी मॅकलाउड बेथ्यून या संस्थेच्या अध्यक्षा झाल्या. त्यांचेहि आईबाप गुलाम होते, आणि १९०४ सालीं पांच मुली व दीड डॉलर एवढ्या भांडवलावर त्यांनीं फ्लोरिडांत शाळा काढली होती. त्यांच्या सूचनेवरून १९३७ पासून शाळांसाठीं एक सोपें मासिकहि निघूं लागलें.

इकडे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत असेंच एक काम पुस्तकांच्या द्वारें चालू होतें. पोर्टो रिको बेटांतून आलेले आर्टुरो शोम्बर्ग हे पेढींत टपालाची व्यवस्था पाहणारे नोकर. काळ्या लोकांना इतिहास नाहीं हें विधान खोटें पाडण्याचा ध्यास घेऊन त्यांनीं जन्मभर पुस्तकें, हस्तलिखितें व चित्रें जमविलीं. १९२६ सालीं, म्हणजे पहिल्या सप्ताहाच्याच वर्षीं, पांच हजारांहून अधिक पुस्तकांचा तो संग्रह दहा हजार डॉलरांस सार्वजनिक ग्रंथालयासाठीं घेतला गेला, आणि १३५ व्या रस्त्यावरील शाखेंत तो सर्वांना खुला झाला. वुडसन यांनीं सांगितलेल्या गोष्टीला पुरावा कोठें आहे, असें कोणीं विचारलें असतें तर तो त्या कपाटांत होता.

आतां प्रश्न असा कीं, या साऱ्यानें न्याय कसा साधला? चित्र लावल्यानें मजुरी वाढत नाहीं आणि नाटुकलें केल्यानें मताचा हक्क मिळत नाहीं. वुडसन यांनीं १९३३ सालच्या आपल्या ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द नीग्रो’ या ग्रंथांत याचा विचार केला आहे. ज्या मुलाला शाळेनेंच आपल्या पूर्वजांची लाज वाटावयास लावली, तो मोठेपणीं मिळेल ती हलकी जागा आपलीच म्हणून पत्करतो. त्याला दाबून ठेवण्यास बाहेरच्या शिपायाची फारशी गरज उरत नाहीं. आणि गोऱ्या मुलाचेंहि त्यांत नुकसानच होतें, कारण शेजाऱ्याला कमी लेखणें हें तो ज्ञान म्हणून शिकतो. म्हणून वुडसन यांचा आग्रह असा होता कीं, कृष्णवर्णीयांचें वेगळें पुराण नको; जगाच्या इतिहासांत त्यांनीं जें केलें, तें त्याच्या जागीं लिहिलें गेलें पाहिजे.

या विचाराची कसोटी पुढें दक्षिणेंत लागली. तेथें मतदार म्हणून नांव नोंदवावयाचें तर वाचनाची परीक्षा द्यावी लागे. मिसिसिपींत तर राज्यघटनेचें एखादें कलम वाचून त्याचा अर्थ लिहून द्यावा लागे, आणि तो बरोबर कीं चूक हें गोरा अंमलदार ठरवी. १९५७ च्या जानेवारींत साउथ कॅरोलिनांतील जॉन्स बेटावर एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलींत प्रौढांसाठीं एक वर्ग निघाला. शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांची ती योजना. आणि शिकविण्यास त्यांनीं निवडलें तें आपल्या नात्यांतील बर्नीस रॉबिन्सन यांना. त्या केशभूषेचा व्यवसाय करीत. शिक्षकी पेशाचा अनुभव त्यांना नव्हता. शेतांत व स्वयंपाकघरांत राबणारीं माणसें रात्रीं तेथें येत, प्रथम आपलें नांव लिहिण्यास शिकत, आणि मग तेंच नांव मतदारांच्या यादींत घालण्यासाठीं कचेरींत जात. या वर्गाच्या नमुन्यावर पुढें दक्षिणेंत ठिकठिकाणीं नागरिकत्वाच्या शाळा निघाल्या.

१९६४ च्या उन्हाळ्यांत मिसिसिपींत ‘स्वातंत्र्य-शाळा’ भरल्या. चाळिसांहून अधिक ठिकाणीं, चर्चच्या तळघरांत, ओट्यांवर, झाडांखालीं, दोन हजारांहून अधिक मुलें शिकण्यास आलीं. राज्यांतील सरकारी शाळांत जो विषय निघत नसे, तो कृष्णवर्णीयांचा इतिहास हा तेथील मुख्य विषयांपैकीं एक होता. त्या वर्षीं मिसिसिपींत मताचा अधिकार असण्याजोग्या कृष्णवर्णीयांपैकीं अवघ्या ६.७ टक्क्यांचीं नांवें यादींत होतीं. १९६५ चा मतदान-हक्काचा कायदा झाल्यावर दोनतीन वर्षांतच हें प्रमाण निम्म्याच्या वर गेलें. हें केवळ इतिहासाच्या पाठांनीं घडलें, असें म्हणणें सत्यास सोडून होईल. मोर्चे निघाले, तुरुंग भरले, माणसें मारलीं गेलीं, तेव्हां तो कायदा झाला. परंतु भीति झुगारून कचेरीची पायरी चढण्यास जें बळ लागतें, तें आपल्या आधीं कोणी तरी ती चढली होती या ज्ञानांतूनहि येतें.

वुडसन हा दिवस पाहण्यास उरले नाहींत. ३ एप्रिल १९५० रोजीं त्याच नाइन्थ स्ट्रीटवरील घरांत त्यांचें देहावसान झालें. त्यांचा आठवडा मात्र वाढत गेला. १९७० सालीं ओहायोंतील केंट स्टेट विद्यापीठांत विद्यार्थ्यांनीं व अध्यापकांनीं मिळून प्रथमच सबंध महिना साजरा केला, आणि १९७६ सालीं अध्यक्ष फोर्ड यांनीं त्या महिन्यास राष्ट्राची मान्यता दिली.

मान्यतेबरोबर एक धोकाहि येतो, आणि तो वुडसन यांनीं आधींच ओळखला होता. सप्ताह लोकप्रिय होतांच थातुरमातुर पुस्तकें विकणारे आणि अभ्यासावांचून भाषणें ठोकणारे पुढें आले. त्यांच्याविषयीं त्यांनीं शिक्षकांना सावध केलें होतें. त्यांच्या मतें हा आठवडा शाळेच्या वार्षिक समारंभासारखा असावा; वर्षभर जें शिकलें तें त्या दिवशीं दाखवावयाचें. वर्षभर कांहींच केलें नसेल तर समारंभांत दाखविणार काय? हा इतिहास रोजच्या अभ्यासांत मिसळून जाईल आणि निराळ्या सप्ताहाची गरजच राहणार नाहीं, अशा दिवसाची ते वाट पाहत होते. वर्षांतील सर्वांत लहान महिना देऊन उरलेले अकरा महिने विसरण्याची ही सोय आहे काय, असा प्रश्न आज अनेक कृष्णवर्णीय विचारवंत विचारतात. त्या टीकेचें बीज वुडसन यांच्याच विचारांत सांपडतें.

विसरण्याची सोय किती भयंकर असूं शकते, याचें उदाहरण ओक्लाहोमांतील टल्सा शहराचें आहे. १९२१ सालच्या ३१ मे व १ जून या दोन दिवसांत तेथील ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती गोऱ्या जमावानें लुटली व जाळली. सुमारें पस्तीस गल्ल्यांची राख झाली. मेलेल्यांचा खरा आंकडा कधींच निश्चित झाला नाहीं; इतिहासकारांचा अंदाज तीनशेंपर्यंत जातो. त्यानंतर कित्येक दशकें त्या राज्याच्या क्रमिक पुस्तकांत या घटनेचा मागमूस नव्हता. मेरी पॅरिश नांवाच्या एका शिक्षिकेनें मात्र आग विझते न विझते तोंच वांचलेल्यांच्या साक्षी लिहून घेतल्या आणि त्या छापून ठेवल्या. घराघरांतून आणि चर्चांतून आठवण जागी राहिली. अखेर राज्यानें चौकशी-समिति नेमली, आणि २००१ सालीं तिचा अहवाल आला. पुढें शहराच्या स्मशानभूमींत बेनांवी थडग्यांचें उत्खनन सुरू झालें, आणि २०२४ च्या जुलैंत त्यांतील एका सांगाड्याची ओळख पटली. तो सी. एल. डॅनियल नांवाचा, पहिल्या महायुद्धांत सैन्यांत राहिलेला तरुण होता. आपलें नांव परत मिळविण्यास त्याला एकशें तीन वर्षें लागलीं.

हा झगडा संपलेला नाहीं. २०२१ पासून अमेरिकेंतील अनेक राज्यांनीं शाळेंत वर्णविषयक इतिहास कसा शिकवावा यावर निर्बंध घालणारे कायदे केले. २०२३ च्या जानेवारींत फ्लोरिडा राज्यानें माध्यमिक शाळांसाठीं तयार झालेला कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा एक प्रगत पाठ्यक्रम नाकारला. त्यानंतर त्याच राज्यांतील अनेक चर्चांनीं हा इतिहास आपल्या छपराखालीं शिकविण्यास प्रारंभ केला. शाळेचें दार लागलें कीं चर्चचें दार उघडावयाचें, ही त्या समाजाची जुनी रीत आहे.

महाराष्ट्राला हा विषय अगदींच परका नाहीं. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं गुलामांच्या मुक्ततेसाठीं झीज सोसली, त्यांना अर्पण केला. आपल्या देशबांधवांनींहि तोच कित्ता गिरवावा, ही त्यामागील इच्छा होती. १९४६ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीनें संयुक्त राष्ट्रांपुढें जो अर्ज मांडला गेला होता त्याच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांची आणि नीग्रोंची स्थिति इतकी सारखी आहे कीं तिचा अभ्यास केल्यावांचून गत्यंतर नाहीं, असा त्या पत्राचा आशय होता. ड्यू बॉइस यांनीं आस्थेनें उत्तर पाठविलें. या दोन्ही समाजांना ‘तुम्हांला इतिहास नाहीं’ हें एकच वाक्य ऐकविलें गेलें होतें, आणि दोघांनींहि त्याचें उत्तर लिहून व एकत्र जमून दिलें.

डग्लस यांना बालपणीं बाल्टिमोरमध्यें मालकिणीनें मुळाक्षरें शिकविण्यास आरंभ केला होता. मालकानें तें बंद पाडलें. शिकलेला माणूस गुलाम राहत नाहीं, हें त्याला कळत होतें. मग त्या मुलानें खिशांत पाव ठेवून रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना गांठावें, त्यांना तुकडा द्यावा आणि त्यांच्याकडून एकेक धडा शिकून घ्यावा, असा क्रम चालविला. पुढें खाणीमध्यें ऑलिव्हर जोन्स यानें फळें देऊन वाचन विकत घेतलें. त्या समाजांत ज्ञान हें असें भाकरीच्या मोलानें घेतलें गेलें आहे. म्हणूनच फेब्रुवारी महिन्यांत एखाद्या लहानशा गांवीं, चर्चच्या दिवाणखान्यांत, चारपांच बाकांवर बसलेलीं मुलें जेव्हां एखाद्या विस्मृत पूर्वजाचें नांव मोठ्यानें वाचतात, तेव्हां १८६० च्या त्या पत्रकांतील एक मोकळी राहिलेली जागा भरली जात असते. अशा जागा अजून लाखोंनीं शिल्लक आहेत.